अलिफ आणि काना

मशिदीतल्या मेहराबीच्या, म्हणजे नमाजच्या दिशेच्या कमानीच्या, वर बिस्मिल्लाहचा प्लास्टिकचा स्टिकर होता. अकोट तालुक्यातला मे महिना त्याला सोसला नाही. कडा सुटत सुटत एक दिवस तो अर्धा खाली लोंबला. कमिटीच्या बुजुर्गांनी मला बोलावून घेतलं. "तू पेंटर है ना? अब हाथ से लिख दे. पक्का काम होना." मी तिथल्या तिथं हो म्हणालो.

२० वर्षं मी बोर्ड रंगवतो. कृषी केंद्र, किराणा, सलून, ट्रॉलीच्या मागं 'आई-वडिलांचा आशीर्वाद', झेडपीच्या शाळेच्या भिंतीवर सुविचार, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची शिंगं. फ्लेक्स आल्यावर दुकानांचं काम कमी झालं, पण भिंती अजून माझ्याकडे येतात. माझं शिक्षण मराठी शाळेतलं. घरात आम्ही आमचं वऱ्हाडी वळणाचं हिंदी बोलतो, बाजारात वऱ्हाडी. लहानपणी मक्तबमध्ये मौलवीसाहेबांपुढे बसून कुराण वाचायला शिकलो होतो. तेवढ्या बळावर मला वाटलं की अरबी अक्षर म्हणजे आणखी एक आकार, तोही हाताला येईल.

मोबाइलवर एक चांगला नमुना शोधला, अकोल्याहून मोठा प्रिंट काढून आणला, कार्बन लावून भिंतीवर उतरवला आणि काळ्या इनॅमलनं भरला. लोकांना आवडलं. दोन जुम्मे गेले. तिसऱ्या जुम्म्याला अकोटहून एक म्हातारे गृहस्थ नातेवाइकांकडे आले होते, ते नमाजला आले. नमाज झाल्यावर सगळे उठून गेले तरी ते मेहराबीकडे बघत बसून राहिले. मी जवळ गेलो. त्यांनी बोट वर केलं.

"ब का एक दंदाना, सीन के तीन. चार होना. गिन."

मी मोजले. तीनच होते. उतरवताना एक दात माझ्या हातून गेला होता, आणि दोन आठवडे अख्खं गाव त्याच्यासमोर उभं राहून नमाज पढत होतं. देवनागरीत एखादी मात्रा सुटली तर गिऱ्हाईक ओरडतं, आपण दुरुस्त करतो. इथं अल्लाहच्या नावाची ओळ होती. त्या रात्री मी पांढरा प्रायमर घेऊन गेलो आणि सगळं पुसून टाकलं. हात थरथरत होता, हे अजून आठवतं.

पुसण्याआधी ते गृहस्थ आणखी एक बोलले होते. "ये लिखा नहीं गया है, बेटा. इसमें कलम कहीं नहीं है." मला ते समजलं नव्हतं. समजून घ्यायला पुढच्या रविवारी मोटरसायकल काढून मी अकोटला त्यांच्या घरी गेलो. तेव्हापासून मी त्यांना उस्ताद म्हणतो.

उस्ताद तरुणपणी मुंबईत उर्दू वर्तमानपत्रात कातिब, म्हणजे हातानं मजकूर लिहिणारे, होते. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांच्या छपाईत नीट बसत नाही. प्रत्येक शब्द वरून सुरू होऊन तिरपा खाली उतरतो, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं. म्हणून बाकीच्या भाषांची वर्तमानपत्रं खिळ्यांवर छापली जात असताना उर्दूची पानं माणसं हातानं लिहायची. जुन्या शिळाछपाईत तर पान दगडावर उलटं उमटायचं आणि त्यातली चूक दगडावरच उलट्या अक्षरात दुरुस्त करणारा वेगळा कारागीर असायचा, त्याला संगसाज म्हणत. मग १९८१ मध्ये पाकिस्तानात 'जंग' वर्तमानपत्र कंप्युटरच्या नूरी नस्तालीकमध्ये निघालं, आणि १९९४ मध्ये दिल्लीत इनपेज हे सॉफ्टवेअर आलं. उस्तादांचं टेबल गेलं. ते गावी परतले, लग्नाच्या पत्रिका आणि कबरींचे कतबे, म्हणजे कबरींवरचे लेख, लिहून त्यांनी घर चालवलं. पण कंप्युटरला ते शिव्या देत नाहीत. नूरी नस्तालीक ज्यांनी केलं त्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोड-आकार आधी स्वतःच्या हातानं लिहिले, आणि त्या अक्षराला आपल्या कातिब वडिलांचं नाव दिलं. "मशीन के अंदर भी एक कातिब ही बैठा है," उस्ताद म्हणतात.

पहिल्या दिवशी त्यांनी मला लिहू दिलं नाही. "कलम ला," एवढंच सांगितलं. दुकानातला चपट्या टोकाचा मार्कर दाखवला तर तो त्यांनी बाजूला ठेवला. बोरू पाहिजे होता.

आता बोरू कुठून आणायचा? आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना वाडा आहे. त्या घराकडे पूर्वी कुळकर्णीपण होतं आणि माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी अजून पडून आहेत, हे मला ठाऊक होतं, कारण त्या वाड्याचे दरवाजे मीच रंगवले. काकूंना विचारलं. त्यांनी ट्रंकेतून सुताच्या दोऱ्यानं बांधलेली बोरूंची जुडी काढली. "माह्या सासऱ्याचे आहेत हे. आता कोन लिहते मोडी? तूच ने." पाच बोरू होते. एकाच्या टोकाला वाळलेली शाई होती.

उस्तादांनी तो बोरू नाकाजवळ नेला, उजेडात फिरवला आणि चाकू घेऊन त्याचं टोक नव्यानं काढायला बसले. मोडीचा जुना काप गेला, नस्तालीकचा नवा तिरपा काप आला. मधोमध चीर दिली. शेवटी हाडाच्या एका लहान पट्टीवर टोक टेकवून चाकूचा एकच दाब, आणि 'कट्' असा आवाज. या शेवटच्या कापाला कत म्हणतात. आवाज स्वच्छ आला नाही तर कत फसला, परत करायचा. मला तो आवाज यायला चार महिने लागले.

त्या दिवशी घरी येताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. काकूंचे सासरे या बोरूनं मोडीत जो 'मजकूर' लिहायचे, तो शब्द अरबी. 'शाई', 'दौत', 'कागद' हे फारसीच्या वाटेनं आलेले. 'कलम' अरबी. आणि मला शाळेत 'बोरूनं लिहा, अक्षर सुधारेल' असं सांगणारे मराठीचे गुरुजी हे सगळे शब्द दिवसभर वापरायचे. नातेवाईक मला लग्नात चिडवतात, "तू तो सिर्फ मराठीच लिखता." गावातला एखादा मित्र सहज विचारतो, "तुले तर उर्दू येतच असन न?" दोन्ही बाजूंना मी काहीतरी देणं लागतो असं मला फार वर्षं वाटत होतं. ती जुडी पिशवीत घालून गाडी चालवताना ते ओझं पहिल्यांदा हललं.

शाई आम्ही घरीच केली. जवसाच्या तेलाचा दिवा, त्यावर मातीचं परळ पालथं, रात्रभर जमलेलं काजळ पिसानं झाडून घ्यायचं. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून गाळायचा आणि काजळ त्यात घोटायचं. घोटायचं म्हणजे किती? उस्ताद म्हणाले, हात थांबेल तेव्हा आणखी तेवढंच. बायकोनं पाटा दिला नाही, ते बरोबरच होतं. मी खलबत्ता विकत आणला. दौतीत रेशमाच्या धाग्यांचा गुंता ठेवायचा, म्हणजे बोरू बुडवला तरी शाई बेतानं लागते. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीत तेलाच्या दिव्यांचा धूर एका खोलीकडे ओढून घेत आणि त्या काजळीची शाई करत, हे उस्तादांनीच सांगितलं. प्रार्थनेच्या दिव्याचा धूरही वाया जाऊ द्यायचा नाही, या कल्पनेनं मी दोन दिवस भारून गेलो होतो.

मग तख्ती. लाकडी फळीवर मुलतानी मातीचा हात द्यायचा, वाळवायची, लिहायचं, धुवायचं, परत माती. आमचे आजोबा धूळपाटीवर मराठी मुळाक्षरं गिरवत शिकले होते. ही तिचीच बहीण.

आणि मग अलिफ. सहा आठवडे फक्त अलिफ.

या अक्षरांचं माप बोरूच्या टोकातच असतं. टोक तिरपं टेकवून दाबलं की चौकट-शंकरपाळ्यासारखा एक ठिपका उमटतो. तो नुक्ता. नस्तालीकमधला अलिफ तीन नुक्ते उंच. बोरू जाड असला तर अलिफ मोठा, बारीक असला तर लहान, पण तीनच नुक्ते. अक्षरांना असं प्रमाणात बांधण्याचं श्रेय बगदादच्या इब्न मुक्लाला देतात. तो खलिफांचा वजीर होता. दरबारातल्या कारस्थानात त्याचा उजवा हात तोडला गेला आणि ९४० मध्ये तो कैदेत मेला. तुटलेल्या हाताला कलम बांधून तो लिहीत राहिला, असं सांगतात. उस्ताद ही गोष्ट सांगताना स्वतःच्या मनगटाला हात लावतात.

मी तीन नुक्त्यांचा अलिफ काढला. उस्तादांनी बघितलं. "ये अलिफ नहीं है. ये तेरे मराठी का डंडा है."

खरं होतं. माझा हात २० वर्षं काना ओढत आला होता. सूत मारायचं, शिरोरेघ आखायची, आणि काना ओळंब्यासारखा सरळ खाली. अलिफ सरळ दिसतो पण असतो किंचित वाकलेला, वर एक कल, मध्ये थोडं अंग, खाली जाताना निमुळता. उभ्या माणसाच्या पाठीसारखा. माझं मनगट वाकायला तयार नव्हतं. त्याहून जास्त त्रास मला वरच्या रेघेचा व्हायचा. डोक्यावर रेघ नसली की माझी अक्षरं कुठं टेकवावीत हेच कळेना. एक दिवस चिडून मी हे बोललो तेव्हा उस्तादांनी नावाचा अर्थ सांगितला. नस्तालीक म्हणजे नस्ख आणि तालीक या दोन लिप्यांचं मिश्रण, इराणात १४व्या शतकाच्या सुमाराला घडलेलं. आणि तालीक म्हणजे टांगलेलं, लटकलेलं. मी पाटी खाली ठेवली. आमची देवनागरीही टांगलेलीच आहे. दोरी आम्ही दाखवतो, ते दाखवत नाहीत, एवढाच फरक. त्या रविवारनंतर मी मनातल्या मनात एक तिरपी दोरी बांधून लिहायला लागलो आणि शब्द उतरायला लागले.

काही गोष्टी उलट सोप्या गेल्या. नून या अक्षराचा दायरा, म्हणजे ती खालची गोल वाटी, भल्याभल्यांना वर्ष घेते म्हणे. माझ्याकडून ती तिसऱ्या खेपेला आली. उस्ताद चष्मा वर करून बघत राहिले. "ये कहाँ से आया?" मी सांगितलं, 'ळ'मधून. 'ळ'ची दोन पोटं रंगवून रंगवून मनगटात गोलाई बसली आहे. त्यांनी मला 'ळ' लिहून दाखवायला सांगितला. मग स्वतः बोरूनं एक लिहिला. त्यांचा 'ळ' नूनसारखाच सुंदर आला. तो कागद माझ्याकडे आहे.

याच दिवसांत माझे बोर्डही बदलत होते, मला कळत नव्हतं. हिवरखेडच्या रस्त्यावरच्या एका दुकानदारानं बोर्ड लागल्यावर मला थांबवलं. "भाऊ, काना असा कमरेत बारीक काहून काढला?" मी बघितलं. 'किराणा'मधला काना अलिफसारखा झुकला होता. मी लगेच दुरुस्त करून देतो म्हणालो. तो थोडा मागं सरकून बघून म्हणाला, "राहू दे. चांगला दिसून राहिला."

मधल्या काळात मशिदीची भिंत कोरीच होती. कमिटी धीरानं घेत होती, पण तरुण पोरांचं म्हणणं रास्त होतं: मशीननं कापलेली पितळी अक्षरं चार दिवसांत येतात. मी त्यांना नरनाळ्याला घेऊन गेलो. एवढ्या जवळ राहून त्यांतल्या दोघांनी किल्ला पाहिलेला नव्हता. शहानूरहून जंगलातला चढ चढून गेलं की महाकाली दरवाजा लागतो. पांढरट दगडाचा, १४८६-८७च्या सुमाराचा, बहमनींच्या वऱ्हाडच्या सुभेदारानं, फतहुल्ला इमादुल्मुल्कनं बांधून घेतलेला. त्यावर कोरलेल्या अरबी ओळी आहेत आणि त्यांच्या बाजूला दगडात उमललेली कमळं. नाव महाकाली. या फतहुल्लाचा जन्म विजयनगरकडच्या कन्नड हिंदू घरातला. लहानपणी तो लढाईत पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला, असं फरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. १४९० मध्ये त्यानं अचलपूरला स्वतःची इमादशाही उभी केली, ती १५७४ पर्यंत टिकली.

मी पोरांना ती अक्षरं डोळ्यांनी मोजायला सांगितली. उभे दांडे दाट रोवलेले, त्यांच्या पायाशी बाकीची अक्षरं एकमेकांत शिरलेली. ५०० वर्षांच्या पावसानं कडा झिजल्यात, पण दगडावरही कलमाची जाडी-बारीकी दिसते. आधी कुणीतरी बोरूनं लिहिलं असणार, मग छिन्नी चालली असणार. ज्या पाथरवटानं कमळ कोरलं त्याच्याच हाताजवळ आयत, म्हणजे कुराणातली ओळ, होती. उस्ताद जे म्हणाले होते, 'इसमें कलम कहीं नहीं है', ते मला तिथं पूर्ण कळलं. पोरांनी नंतर पितळी अक्षरांचा विषय काढला नाही.

मला शेजारीपाजारी विचारतात, तुमच्यात चित्र चालत नाही, मग तुम्ही कलाकार कसे? मशिदीत माणसाचं, जनावराचं चित्र काढत नाहीत हे खरं. म्हणून तर अक्षर, वेल आणि भूमितीचे आकार यांच्यात कारागिरांनी शेकडो वर्षं जीव ओतला. पण मशिदीबाहेर इराणात, मोगलांकडे, विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात माणसांची, हत्तींची, बागांची किती चित्रं झाली. आणि माझ्या घरातच बघायचं तर आजोबा मोहर्रमचा ताजिया बांधायचे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, बेगड, खळ. गावातले कुणबी, माळी त्याच्यापुढे नारळ ठेवायचे. तो माणूस स्वतःला कलाकार म्हणाला नाही, पण कामट्यांचा घुमट कुठं वाकेल हे त्याला हाताच्या बोटांनी कळायचं. काहींना ताजिया धर्मात बसत नाही असं वाटतं, त्यावरून घरातही वाद झालेत. मी त्या वादात पडत नाही. आजोबांचा हात मला खरा वाटतो.

१४ महिन्यांनी उस्ताद म्हणाले, लिही. खरं तर अरबी आयतीला नस्ख किंवा सुल्स लिपी शोभते. ताजमहालावर अमानत खान शिराजीनं लिहिलंय ते सुल्स. "पर सुल्स के लिए तेरी और मेरी उमर कम पडेगी," उस्ताद म्हणाले. बिस्मिल्लाह नस्तालीकमध्येही सुंदर लिहिलेली आहे, तू तीच लिही.

चार शब्द, १९ अक्षरं. सीनची लांब कशिश, म्हणजे दातांऐवजी एकच ताणलेली रेघ, झोळीसारखी मध्ये झुकलेली. मी कागदावर बोरूनं शेकडो वेळा लिहिलं. त्यांतून उस्तादांनी एक निवडलं, त्यातही मीम खोडून दुसऱ्या कागदावरचा घ्यायला लावला. मग माझं पेंटरचं काम सुरू झालं. चौकटी पाडून ते मोठं केलं. कागदाच्या कडेकडेनं सुईनं भोकं पाडली. भिंतीला पुट्टी, घासकाम, दोन हात प्रायमर. कागद चिकटवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी भोकांवर थोपटली. कागद काढला तेव्हा भिंतीवर काळ्या ठिपक्यांची बिस्मिल्लाह उभी होती. खाका टाकायची ही रीत बोर्ड लिहिणाऱ्यांची, पण उस्ताद म्हणाले, मोठ्या इमारतींवर लिहिणारे खत्तातही, म्हणजे सुलेखनकारही, असंच करत.

रंग भरताना मी बोरूला विसरलो नाही. ब्रश नेहमी बाहेरून आत ओढतो, तो सोडला. जिथून कलम निघाली तिथून निघायचं, जिथं ती सुटली तिथं सोडायचं. फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज झाल्यावर सुरू केलं. जोहरच्या, दुपारच्या नमाजच्या वेळी शिडी बाजूला घेतली, नमाज झाल्यावर परत लावली. अस्रपर्यंत, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजपर्यंत, अक्षरांची अंगं पूर्ण झाली. नुक्ते शेवटी ठेवायचे असतात. अख्ख्या बिस्मिल्लाहमध्ये नुक्ते चारच: ब खाली एक, रहमानच्या नूनवर एक, रहीमच्या ये खाली दोन.

उस्तादांना पोरं गाडीवर बसवून घेऊन आली होती. ते खुर्ची मांडून खाली बसले. मी पहिला नुक्ता ठेवला, दुसरा ठेवला. तिसऱ्याला ते म्हणाले, "थोडा नीचे." चौथा ठेवून मी शिडीवरून उतरलो आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. खाली कोपऱ्यात नाव लिहायचा विषय मी काढला नाही. तो हक्क उस्तादानं इजाजत दिल्यावरच मिळतो.

ते बराच वेळ बघत राहिले. ओठ हलत होते, पढत होते की मोजत होते कळलं नाही. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रहमान का रे मोटा हो गया. इतवार को कलम ले के आ."